म्हाताऱ्याचं बाळ

रोमच्या सम्राटांच्या काळात, कार्थेजच्या मुलखातल्या थुबार्सा गावी, कुंभारगल्लीतून जाताना नामगिद्देच्या दुकानापाशी लोक आवाज खाली आणत. भीती तिच्या हाताची नव्हती, तोंडाची होती. कुणी घडा उचलून बोटाने वाजवून बघितला की ती आतूनच ओरडे, "वाजवायचंय तर बाजारातून डफ घे जा. तो पाण्याचा घडा आहे." गिऱ्हाईक चडफडत का होईना, घडा घेऊनच जाई, कारण तिच्या घड्यात भर उन्हाळ्यात पाणी गार राही आणि तिच्या दिव्यातून तेलाचा थेंब पाझरत नसे. लग्नासाठी तिला बघायला एकदा एक जण आला होता. त्याच्या आईसमोर ती म्हणाली, "मला नवरा हवाय, सांभाळायला पोर नकोय." त्यानंतर दुसरं कुणी आलं नाही.

आई गेली ती धाकट्या बहिणीच्या, सिद्दिनाच्या, जन्माच्या वेळी. नामगिद्दे तेव्हा आठ वर्षांची होती. बाप मुत्तुन चाकावरून उठायचा नाही, म्हणून शेळीचं दूध कापडाच्या बोळ्याने पाजून सिद्दिनाला तिनेच जगवलं. आईची खूण म्हणून मागे एकच गोष्ट उरली होती, आणि ती घरात नव्हती. गावावरच्या टेकडीवर सातुर्न देवाचं आवार होतं. या देवाला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे त्याला म्हातारा म्हणत. फार जुन्या काळी घरातलं पहिलं मूल म्हाताऱ्याचं असे आणि तो ते घेई. पुढे मुलाच्या बदल्यात कोकरू द्यायची रीत पडली: श्वासाबद्दल श्वास, रक्ताबद्दल रक्त, जिवाबद्दल जीव. नामगिद्देच्या आधीची दोन बाळं आईच्या हातात गेली होती. ही तिसरी वाचावी म्हणून आईने कोकरू दिलं आणि आवारात दगड उभा केला. दगडावर वरती मेंढा कोरलेला, खाली आईचं नाव. नामगिद्देला वाचता येत नव्हतं, पण ती अक्षरं ती बोटाने चाचपून ओळखत असे.

मुत्तुनचं घर घड्यांवर चाले, पण तो माणूस जगे डिसेंबरातल्या सात दिवसांसाठी. म्हाताऱ्याच्या सणात कचेऱ्या बंद, तेलाचे घाणे बंद. मालक आपल्या गुलामांना पानात वाढत, फासे भर रस्त्यात खेळले जात आणि ज्याला त्याला मेणबत्ती नाही तर मातीची बाहुली भेट द्यायची असे. मुत्तुनच्या बाहुल्या साच्यातल्या असूनही प्रत्येकीला तो शेवटी नखाने काहीतरी वेगळं करी. ढेरपोट्या आचारी, टोपी घातलेलं माकड, मांडीवर कुत्रं घेतलेली बाई. सणाच्या आदल्या आठवड्यात त्याच्या दारात उभं राहायला जागा नसे.

सिद्दिनाला सोळाव्या वर्षी मागणी आली ती पुजारी बारिकच्या मुलाची. बारिक म्हाताऱ्याची पूजा करी आणि त्याचा मुलगा रेस्तुतुस तेलाचा व्यापार. पोरगा हसरा होता, मोठ्या मेहुणीला 'ताई, ताई' करत मागे फिरायचा. लग्नानंतरच्या पहिल्या सणात फासे टाकून सात दिवसांचा राजा निवडला, तो मान त्यालाच मिळाला. राजाचा हुकूम मोडायचा नसतो. त्याने हुकूम सोडला, "आमच्या ताईंनी दुकानासमोर नाचायचं!" आणि नामगिद्दे नाचली. अख्खी गल्ली बघायला लोटली. पुढे आयुष्यभर ते तिला सलत राहिलं. नाचल्याचं नाही, त्याच्यासाठी नाचल्याचं.

कारण दुसऱ्याच वर्षी बारिक वारला, रेस्तुतुस तेलाचे बुधले घेऊन कार्थेजला गेला, आणि वर्षभराने परतला तो बाप्तिस्मा घेऊन. महिन्याभरात सिद्दिनाचाही बाप्तिस्मा झाला. त्या डिसेंबरात नामगिद्देने बहिणीकडे दरवर्षीसारखी मेणबत्ती आणि बाहुली पाठवली. संध्याकाळी रेस्तुतुस ती घेऊन स्वतः दारात हजर.

"ताई, हे आमच्या घरी आता चालत नाही."

"काय चालत नाही? मेण की माती?"

"ज्याच्या नावाने देता ते. तो देव नाही ताई, भूत आहे."

"तुझ्या बापाने जन्मभर त्या भुताची पूजा केली. तिथल्याच कोकराचं मांस खाऊन हे खांदे भरलेत तुझे."

"म्हणूनच सांगतोय. मी ते आतून बघितलंय."

"आतून बघितलंस ना? मग हेही बघ." नामगिद्देने हातातला चिखल झटकला. "तिसरं वर्ष लागलं लग्नाला, घरात पाळणा नाही. म्हाताऱ्याचं देणं बुडवलं की म्हातारा कूस बांधतो."

सिद्दिना नवऱ्याच्या मागून आली होती. दाराच्या बाहेर, भिंतीशी उभी होती. नामगिद्देला ती दिसली तेव्हा बोलणं तोंडातून निघून गेलं होतं. सिद्दिनाने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वळून घराकडे चालू लागली. त्यानंतर ती कुंभारगल्लीत पाऊल टाकेना. मुत्तुन मेला तेव्हा आली, पण बहिणीकडे बघितलंसुद्धा नाही.

नामगिद्देला माफी मागता आली असती. तिने ती मागितली नाही. बोलणं आपलं होतं हे तिला ठाऊक होतं, पण दोष तिने रेस्तुतुसच्या पदरात टाकला आणि तिथेच राहू दिला. हा माणूस कार्थेजहून नवा देव घेऊन आला नसता, तर ती असं बोललीच नसती.

मग देवळं बंद करायचा सम्राटाचा हुकूम आला. रेस्तुतुस तोवर गावच्या चर्चचा पाद्री झाला होता. सकाळी उजाडल्यावर पंधरा-वीस माणसं हातोडे घेऊन टेकडी चढली आणि सगळ्यांच्या पुढे पुजाऱ्याचा मुलगा होता. म्हाताऱ्याचं दाढीवालं डोकं पायऱ्यांवरून गडगडत खाली धुणं धुणाऱ्या बायकांच्या हौदापाशी येऊन थांबलं. एक बाई किंचाळली, दुसरीने त्यावर ओलं कापड टाकलं. आवारातले दगड उपटून गाड्यांत भरले. चांगले चपटे होते, चर्चच्या नव्या पायऱ्यांना लागतच होते.

हातोडा घेऊन रेस्तुतुस तिथून सरळ कुंभारगल्लीत आला. नामगिद्दे चाकावर बसली होती. तिने चाक थांबवलं नाही. त्याने फळीवरची माकडं फोडली, आचारी फोडले. ती बघत राहिली. पाय चाक फिरवतच होते. मग त्याने कोपऱ्यातल्या कोनाड्यात हात घातला. तिथे मुत्तुनने मरायच्या आधी केलेली शेवटची बाहुली होती, मांडीवर कुत्रं घेतलेली बाई.

"ती नको," नामगिद्दे म्हणाली.

"मूर्ती ती मूर्ती."

ती फुटली तेव्हा नामगिद्देच्या हाताला सात वातींचा मोठा दिवा लागला, ओंजळभर जाड मातीचा. तिने तो फेकला. रेस्तुतुसच्या कपाळाचं हाड दिसेपर्यंत भुवई फाटली.

नगरप्रमुखासमोर उभी केली तेव्हा तो बिचारा घाम पुसत होता. त्याच्या घरात दरवर्षी सगळ्यांत जास्त बाहुल्या जात. "पुन्हा बाहुली केलीस तर मडकी भाजायचा तुझा आवा पाडून टाकीन," असं तो मोठ्याने म्हणाला.

"जशी आज्ञा," नामगिद्दे म्हणाली. "आपल्या बाईसाहेबांनी नेलेली माकडं कोनाड्यात आहेत ना अजून? तीही फोडायला पाठवू का यांना?"

लोक हसले. नगरप्रमुखाने तिला घाईघाईने घरी पाठवलं.

अकरा वर्षं गेली. घडे, दिवे, रांजण. बाहुली नाही. चर्चच्या पायऱ्यांतली तिसरी पायरी म्हणजे तिच्या आईचा दगड होता, उलटा नव्हे, कोरीव बाजू वर ठेवूनच बसवलेला. रोज पायांनी घासून मेंढ्याची शिंगं बोथट झाली होती. नामगिद्दे त्या चौकातून जाताना पलीकडच्या कडेने जायची. सण मात्र काही केल्या गावातून जाईना. देव गेला, देऊळ गेलं, तरी डिसेंबराचे ते सात दिवस आले की घाणे आपोआप थांबत, फासे निघत, मेणबत्त्या या घरून त्या घरी जात. बाप्तिस्मा घेतलेलेही त्यात असत. रेस्तुतुस चर्चमध्ये उभा राहून गळ्याच्या शिरा ताणून ओरडे, लोक माना खाली घालून ऐकत आणि बाहेर पडले की एकमेकांना सणाची हाळी देत.

अशात बिशपचं पत्र आलं. रोममध्ये आणि कार्थेजमध्ये प्रभूच्या जन्माचा दिवस पाळतात, पंचवीस डिसेंबर. त्याला लोक नुसतं नाताळ म्हणतात, जन्मदिवस. यंदापासून थुबार्सानेही पाळावा. चर्चमध्ये दिव्यांनी लखलखाट हवा. बिशप स्वतः येणार. गल्लीतल्या इतर कुंभारांचे दिवे तासाभरात तेल गाळत, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

सिद्दिना आली. इतक्या वर्षांनी दारात उभी राहिली ती केस पांढरे झालेली बाई. नामगिद्दे चाकावरून अर्धी उठली, आणि नेहमीप्रमाणे तिने रागालाच पुढे केलं.

"वाट चुकलीस का?"

"अक्का, दोनशे दिवे हवेत. चर्चसाठी."

"पाय धुवायला पाणी देऊ, की माझ्या घरचं पाणीही भुताचं?"

"दे," सिद्दिना म्हणाली. पाणी घेतलं, पाय धुतले, उंबऱ्यावर बसली. "त्यांनी नाही पाठवलं. मीच आले. बिशपसमोर अंधार झाला तर त्यांचं कठीण होईल."

"होऊ दे."

"अक्का."

"त्याला म्हणावं, इथे ये. जिथे उभा राहून फोडलंस तिथेच उभा राहून माग. गल्लीला ऐकू जाईल असं."

दुसऱ्या दिवशी तो आला. भुवईवरचा व्रण पांढरा पडला होता. शेजारपाजारचे कुंभार हातातली कामं सोडून दारांत आले. रेस्तुतुस मोठ्याने म्हणाला, "नामगिद्दे, चर्चला दोनशे दिवे हवेत. तू करून द्यावेस अशी विनंती आहे."

"कशासाठी म्हणालात, जावईबापू?"

"प्रभूच्या जन्मदिवसासाठी."

"म्हाताऱ्याचा सण संपतो तेवीस तारखेला. मध्ये एक दिवस सोडला की यांचा प्रभू जन्मतो! घाणे आधीच बंद, लोक आधीच प्यायलेले. सोयीचा दिवस शोधलात हो. तुमच्या पुस्तकात लिहिलीय का ही तारीख?"

"पुस्तकात नाही. हिशोबात आहे." रेस्तुतुस शांत राहायचं ठरवूनच आला होता. "प्रभू क्रुसावर गेला तो पंचवीस मार्चला. ज्या दिवशी गेला त्याच दिवशी तो आईच्या पोटात आला होता. तिथून नऊ महिने मोज."

"नेमके मोजलेल्या दिवशी बाळंत झालेली बाई मी अजून बघायची आहे. कुण्या सुईणीला तरी विचारायचं होतंत." शेजारी खिदळले. "तो सूर्याचा दिवस आहे, जावईबापू. दिवस मोठा व्हायला लागतो तो. छावणीतले शिपाई त्या दिवशी सूर्याचा जन्म साजरा करतात, माझा बाप त्यांना दिवे विकत होता."

"सूर्य कुणी केला? ज्याने केला त्याचाच तो दिवस. ते आमचं उचलून नेलं होतं, आम्ही परत आणतोय."

"आणि दिवे? तेही तुमचेच?"

"दिवा दिवाच असतो. मातीला धर्म नसतो."

नामगिद्दे हळू आवाजात म्हणाली, "मग माझ्या बापाची बाहुली का फोडलीस?"

रेस्तुतुसचा हात आपसूक भुवईकडे गेला.

"दिवे होतील," ती म्हणाली. "जा."

दिवे झाले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे कुणावर मासा, कुणावर क्रूस. एकही गळका नव्हता. त्या बाबतीत ती कुणाशी वैर धरत नसे. पण आव्यात दिव्यांखाली तिने आणखी काहीतरी रचलं होतं. बापाच्या साच्यांत एक साचा असा होता, ज्याच्या बाहुल्या सणात कधी विकल्या गेल्या नाहीत. कापडात घट्ट गुंडाळलेलं तान्हं बाळ, वीतभर, फक्त तोंड उघडं. ज्यांना कोकरूही परवडत नसे ते हे बाळ घेऊन म्हाताऱ्याकडे जात, आणि पुजारी बारिक ते आवारात खड्डा करून पुरी. मुलाऐवजी मातीचं मूल. त्याचं काय होतं हे गावातल्या तरुण बायकांना आता ठाऊक नव्हतं. नामगिद्देला ठाऊक होतं. आणि आणखी एकाला ठाऊक होतं.

नाताळच्या सकाळी चर्च गच्च भरलं. चौकात त्याहून जास्त लोक. सातही दिवसांची धुंदी अजून उतरली नव्हती. कोपऱ्यात फासे खुळखुळत होते, कुणीतरी मालकाची टोपी गुलामाच्या डोक्यावर घातली होती. नामगिद्दे पायऱ्यांच्या शेजारी, जमिनीवर, टोपली पुढ्यात घेऊन बसली. पायरीवर तिने पाय ठेवला नाही.

"जन्मदिवस ना आज? मग बाळ नको?" एवढंच ती म्हणत होती. कुणाचं बाळ ते तिने सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही. बायकांच्या उड्या पडल्या. अकरा वर्षांत गावात बाहुली दिसली नव्हती. घाण्यावर काम करणाऱ्याची बायको दातिवा आली. तिचं दोन महिन्यांचं पोर सप्टेंबरात तापाने गेलं होतं. तिने बाळ दोन्ही हातांनी घेतलं, पदराखाली धरलं आणि भिंतीला टेकून बसली ती उठेचना.

प्रार्थना संपून रेस्तुतुस बाहेर आला. आतला लखलखाट त्याच्या तोंडावर अजून होता. बऱ्याच वर्षांनी तो आनंदात दिसत होता. मग त्याची नजर एका म्हाताऱ्या बाईच्या हाताकडे गेली, दुसरीच्या हाताकडे गेली. तो पायऱ्या उतरून टोपलीपाशी आला आणि खाली वाकला.

"हे कुठून आणलंस?"

"ओळखलंस तर."

"मी पुरलीत ही. लहानपणी, बापाबरोबर. माझ्या हातांनी खड्डे खणलेत." त्याने टोपलीतलं एक बाळ उलटं करून बघितलं. "राखेच्या मडक्यांशेजारी. एक मडकं मी उघडून बघितलंय, तान्ह्या मुलांची जळकी हाडं होती आत. तुला कळतंय का तू यांच्या हातात काय दिलंयस?"

"मातीला धर्म नसतो, जावईबापू."

त्याने टोपलीला लाथ मारली. उरलेली बाळं दगडांवर फुटली. मग तो बायकांच्या हातांतली ओढायला लागला. "टाका ती! भुताची आहेत! सातुर्नची आहेत!" तो खरं तेच ओरडत होता, पण गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही, ज्यांना गेलं त्यांना पटलं नाही. समोर प्रभूचा जन्मदिवस होता, बाळ होतं, आणि पाद्री बाळ फोडत होता. तो दातिवापाशी पोहोचला. तिने पदर घट्ट धरला.

"माझं आहे ते! नका घेऊ! माझं आहे!"

त्याने हिसकावलं आणि टाचेखाली चिरडलं.

दातिवाच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून फासे खेळणारेही उठले. पहिला दगड तिच्या नवऱ्याने उचलला. मग कुणाचं कुणाला कळेना. रेस्तुतुस खाली पडला, लोक लाथा घालत होते. नामगिद्दे उभी राहिली होती. अकरा वर्षं तिने हे मनात पाहिलं होतं आणि क्षणभर ते तिला मनापासून गोड लागलं. मग तिला दिसलं, गर्दीतून वाट काढत सिद्दिना नवऱ्याच्या अंगावर आडवी पडलीय आणि लाथा तिच्या पाठीत बसताहेत.

"सोडा तिला!" नामगिद्दे ओरडली. "मेल्यांनो, ती माझी बहीण आहे!" जिच्या आवाजाने गल्ली चळचळा कापायची तिचं त्या दिवशी कुणी ऐकलं नाही. बिशप दारात आला तेव्हा कुठे लोक पांगले.

बिशपने चौकशी केली. प्रभूच्या नाताळला, चर्चच्या दारात पाद्र्याने एका दुःखी बाईच्या हातातलं बाळ चिरडलं, एवढंच सगळ्यांनी सांगितलं. रेस्तुतुसने आपलं सांगितलं. बिशपने ते ऐकलं, बहुधा खरंही मानलं. पण गाव शांत ठेवायचं होतं, म्हणून नामगिद्देला कुणी हात लावला नाही. बिशपने रेस्तुतुसला दोन दिवसांच्या वाटेवर, दक्षिणेला गिबा नावाच्या खेड्यात पाठवलं.

जायच्या आधी सिद्दिना एकटी दुकानात आली. पाठीने वाकून चालत होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

"तुला माहीत होतं ते काय आहे."

"हो."

"दातिवाचं पोर गेलं, तेही माहीत होतं."

"...हो."

"मग तिला कशाला दिलंस?"

"तिने मागितलं."

"कुणी मागितलं म्हणून तू आजवर काही दिलंयस, अक्का?" सिद्दिनाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "तेव्हा माझ्या कुशीवर बोललीस, ते मी गिळलं. वाटलं, माझ्यावरच होतं ना, जाऊ दे. पण त्या बाईने तुझं काय केलं होतं?"

नामगिद्दे म्हणाली, "पाठीला तेल लाव. ऑलिव्हचं, कोमट करून."

सिद्दिना गेली. गाडी उत्तर वेशीतून बाहेर पडून टेकडीला वळसा घालून दक्षिणेला लागली, तोवर नामगिद्दे आव्यावर चढून बघत होती.

पुढच्या वर्षी नवा पाद्री आला. मऊ माणूस. नाताळला बाळ विकायला कुणाचीच ना नव्हती. गल्लीतल्या सगळ्या कुंभारांनी साचे करून घेतले आणि पाद्री चर्चच्या दारात उभा राहून एकेका बाळावर क्रुसाची खूण करू लागला. बाहुल्या, मेणबत्त्या, फासे, सगळं चर्चच्या चौकात येऊन बसलं. नामगिद्देने मात्र पुन्हा एकही बाळ केलं नाही. नवा पाद्री तिला म्हणाला, "ही चाल तुमच्यामुळे पडली म्हणे, आजी. देव भलं करो." ती त्याच्यावर थुंकली. दातिवा गल्लीत घडा घ्यायला यायची, पण शेजारच्या दुकानात. नामगिद्देचं दार आलं की मान दुसरीकडे वळवून पुढे जायची. तिला मात्र नामगिद्दे कधी काही बोलली नाही.

सहा वर्षांनी, ऑलिव्ह पाडायच्या दिवसांत, दुपारी दारात सावली पडली. काठी टेकत रेस्तुतुस उभा होता.

"सिद्दिना गेली," तो म्हणाला.

नामगिद्देने चाक थांबवलं. "कधी?"

"द्राक्षं काढली त्या आठवड्यात."

"आता ऑलिव्ह पाडतायत! दोन महिने! आणि तू आत्ता येतोस?"

"तुला सांगू नका म्हणाली होती."

"मग आलास कशाला?"

त्याने काठी भिंतीला टेकवली. "सांगायला दुसरं कुणी नव्हतं."

नामगिद्दे उठली. जवाची लापशी रटरटत ठेवली, सुरईभर वाइन काढून घेतली. तो म्हणाला, "कबरीवर जेवण न्यायला बिशपने बंदी केलीय."

"बिशपची बहीण नाही मेली," ती म्हणाली. "माझी मेलीय."

दोघं तेलवाल्यांच्या गाढवांबरोबर निघाली. दोन दिवसांच्या वाटेत एक शब्द बोलली नाहीत. तो पुढे बसला की ती मागच्या गाढवावर, तो मागे गेला की ती पुढे. गिब्याला खेड्याबाहेर बदामाच्या झाडाखाली कौलं बसवलेली साधी कबर होती. नामगिद्देने मातीत वाइन ओतली, लापशीचं भांडं ठेवलं. रेस्तुतुस पाठ करून उभा राहिला.

"बघितलं नाही की पाप लागत नाही वाटतं?" ती म्हणाली.

तो वळला नाही. जरा वेळाने म्हणाला, "मध नाही घातलास. मधाशिवाय तिच्या घशाखाली उतरत नसे."

"मला सांगतोस? मी वाढवलंय तिला." पण तिने मध आणला नव्हता. घाईत विसरली होती, आणि विसरली हे त्याच्यासमोर कबूल करायची तिची तयारी नव्हती. रेस्तुतुस काठी टेकत घराकडे गेला, मधाची वाटी घेऊन आला, तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवली आणि निघून गेला. तिने सगळा मध लापशीवर ओतला. मग कबरीच्या कौलावर हात ठेवून ती ऊन उतरेपर्यंत बसली. बोलायचं होतं ते बोलली असेल. जवळ ऐकायला कुणी नव्हतं.

सकाळी ती परत निघाली. त्याच्या दारावरून जाताना दार उघडं होतं. ती थांबली नाही, त्यानेही हाक मारली नाही.

त्यानंतर नऊ वर्षं तिने कुंभारगल्लीतच काढली. शेवटपर्यंत बाप्तिस्मा घेतला नाही, आणि आईच्या दगडावर पायही ठेवला नाही. रेस्तुतुस तिच्या आधी गेला. तेलवाल्याने ते सांगितलं तेव्हा ती माती तुडवत होती. "बरं," म्हणाली, आणि तुडवत राहिली.